पेराझी की बेरेटा?

आमच्या कामथडीतला एक पोरगा क्ले शूटिंगसाठी एकावर एक नळ्यांची बंदूक घेतोय. पैसे घरच्यांनी जमवलेत, त्यामुळे चूक परवडणार नाही. पेराझी एमएक्स८ की बेरेटा ६८६? दोन्ही कंपन्या इटलीतल्या ब्रेशाजवळच्या. बेरेटांनी १५२६ साली व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ नळ्या पुरवल्या होत्या. पेराझी १९५७ ची. एमएक्स८ हे नाव १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकवरून पडलं. तिचा ट्रिगर हाताने काढून दुसरा बसवता येतो, म्हणजे स्प्रिंग तुटली तरी स्पर्धा सुटत नाही. ६८६ चा ट्रिगर आतच पक्का, पण किंमत बरीच कमी. मी म्हणेन, सुरुवातीला बेरेटाच घे, उरलेल्या पैशांची काडतुसं. फक्त दस्ता खांद्याला आणि गालाला नीट बसतो का, ते आधी बघ. चकती काय, कंपनीचं नाव बघून फुटत नाही!