खोट्या सालाचें खरें नाणें

जुन्या नाण्यावर सालाचा आंकडा दिसला कीं तोच त्याचा जन्मकाळ मानून आपण मोकळे होतों. कागद खोटा असूं शकेल, धातु खोटें बोलत नाहीं, अशी आपली समजूत असते. या समजुतीस धक्का देणारी अमेरिकेच्या १८०४ सालच्या रुप्याच्या डॉलरची हकीकत आम्ही वाचकांपुढें मांडतों.

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीच्या दप्तरांत १८०४ सालीं १९,५७० डॉलर पाडल्याची नोंद आहे. परंतु चांगला ठसा टाकून न देतां वापरीत राहण्याची तेथें चाल असल्यामुळें त्या डॉलरांवर मागील सालांचेच आंकडे उमटले. १८०४ चा आंकडा असलेला डॉलर त्या वर्षीं पडलाच नाहीं. मग आज माहीत असलेले असे डॉलर आले कोठून?

१८३४ सालीं अध्यक्ष जॅक्सन यांच्या सरकारास मस्कत, सयाम वगैरे दरबारांस नजर करण्यासाठीं देशी नाण्यांचे संच हवे होते. डॉलर पाडणें तर कधींचें बंद होतें. तेव्हां दप्तरांतील शेवटचें साल घेऊन टांकसाळीनें नवा ठसा कोरला. एडमंड रॉबर्ट्स हा वकील ते संच घेऊन पूर्वेस निघाला. या पहिल्या वर्गाचीं आठ नाणीं ज्ञात आहेत. पुढें १८५८ च्या सुमारास, संग्राहकांची हांव पाहून, टांकसाळींतूनच आणखी डॉलर गुपचूप बाहेर पडले. त्यांपैकीं एक तर १८५७ सालच्या स्विस नाण्यावर ठसा मारून केलेला आहे. खालची छाप अंधुक अजून दिसते!

हें कपट नाण्यांनींच उघड केलें. १८०४ च्या सुमाराच्या अस्सल डॉलरांची किनार सखल व ओबडधोबड असते. यांची उंच व एकसारखी आहे. नाण्याभोंवतीं घट्ट पोलादी कडें बसवून ठसा मारण्याची जी रीत या टांकसाळींत १८२८ नंतर आली, तिची ही खूण होय. त्याच कड्यांत दाबून कांठावरील अक्षरेंही चेपलीं आहेत. १९६२ सालीं एरिक न्यूमन व केनेथ ब्रेसेट यांनीं ग्रंथ लिहून हा उलगडा केला. त्याच वर्षीं सयामच्या राजाचा संच उजेडांत आला, आणि त्यांत हाच डॉलर निघाला.

बाहेरचे लबाड याहून सोपी युक्ति करीत: १८०० च्या आसपासच्या अस्सल डॉलरचा शेवटचा आंकडा खरवडून वा बदलून ४ करावयाचा. येथें भिंगच न्यायाधीश. नाण्याची प्रत ठरविण्यासाठीं विल्यम शेल्डन यांनीं १९४९ सालीं मांडलेलें १ ते ७० गुणांचें मान आज रूढ आहे. परंतु तें झीज किती हें सांगतें, जन्म कोणता हें नव्हे. मस्कतच्या सुलतानाचा म्हणून ओळखला जाणारा डॉलर १९९९ सालीं ४१,४०,००० डॉलरांस विकला गेला. ही किंमत सत्याची कीं असत्याच्या कथेची?

आमच्या मतें त्यास बनावट म्हणणें चूक आहे, व १८०४ चा म्हणणेंही चूक आहे. तो १८३४ चा खरा साक्षीदार होय. मराठ्यांच्या टांकसाळींतूनही दिल्लीच्या बादशहाच्या नांवाचे रुपये पडत. म्हणून पुण्यांत बादशहा राज्य करीत होता असें कोणी म्हणत नाहीं. लेख वाचावा, पण धातूची जबानीही घ्यावी. दोहोंत विरोध दिसला तर तेथूनच इतिहासाच्या शोधास आरंभ होतो.