बारो कोलोरॅडो : कालव्याने घडविलेले बेट आणि ‘अस्पर्श’ अरण्यातील पायवाट

प्रस्तावना

संरक्षित अरण्यातून मार्गदर्शकाच्या सोबतीने केलेली निसर्गफेरी हा आज पर्यटनाचा परिचित प्रकार झाला आहे. तिचा विचार बहुधा वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा पर्यावरण-शिक्षण यांच्या अंगाने केला जातो. इतिहासाचा अभ्यासक तिच्याकडे सहसा वळत नाही. वस्तुतः अरण्यातील कोणती वाट खुली ठेवावयाची, तिला कोणाचे नाव द्यावयाचे, चालणाऱ्याला काय दाखवावयाचे आणि कशाविषयी मौन पाळावयाचे, हे सर्व निर्णय माणसांनी विशिष्ट काळात व विशिष्ट सत्तासंबंधांत घेतलेले असतात. त्या अर्थाने अरण्यातील पायवाट हे इतिहासाचे एक साधनच होय. पनामा देशातील बारो कोलोरॅडो या बेटावरील पायवाटांचे प्रस्तुत लेखात याच दृष्टीने वाचन केले आहे. उष्ण कटिबंधातील ज्या अरण्यांचा सर्वाधिक अभ्यास झाला आहे, त्यांत या बेटाची गणना होते. ते निसर्गाने घडविलेले बेट नव्हे, ही गोष्ट मात्र निसर्गफेरीच्या कथनात ओझरतीच येते.

टेकडीचे बेट कसे झाले

फर्डिनांड द लेसेप्स यांच्या फ्रेंच कंपनीने १८८१ मध्ये पनामा कालव्याचे काम हाती घेतले. १८८९ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. १९०३ मध्ये पनामा कोलंबियापासून स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी कालव्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा अमेरिकेच्या ताब्यात गेला. यालाच ‘कालवा क्षेत्र’ म्हणत. समुद्रसपाटीवरून कालवा खोदण्याचा फ्रेंचांचा आग्रह अमेरिकन अभियंत्यांनी सोडून दिला. चाग्रेस नदीवर गातुन येथे धरण बांधावयाचे, समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंचीवर जलाशय निर्माण करावयाचा आणि जलपाशांच्या साहाय्याने जहाजे त्यात चढवावयाची, अशी त्यांची योजना होती. १९१३ च्या जूनमध्ये सांडव्याचे दरवाजे बंद करण्यात आले व पाणी चढू लागले. १५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा वाहतुकीस खुला झाला. सुमारे ४२५ चौरस किलोमीटरचा गातुन जलाशय त्या काळी जगातील सर्वांत मोठा मानवनिर्मित जलाशय होता. चाग्रेसच्या खोऱ्यातील टेकड्यांची माथी तेवढी पाण्यावर राहिली. त्यांपैकी सर्वांत मोठा माथा म्हणजे बारो कोलोरॅडो होय. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,५६० हेक्टर आहे.

या खोऱ्यात केवळ अरण्य नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. चाग्रेसचा काठ हा अटलांटिक व पॅसिफिक किनाऱ्यांना जोडणारा शतकानुशतकांचा व्यापारी मार्ग होता आणि १८५५ पासून तेथून रेल्वेही धावत होती. गोर्गोना, मातचिन यांसारखी गावे, केळीच्या बागा, बाजार, नावांचे धक्के असे ते गजबजलेले खोरे होते. ५ डिसेंबर १९१२ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट यांनी काढलेल्या आदेशाने कालवा क्षेत्रातील सर्व जमीन कालव्यासाठी आवश्यक ठरविण्यात आली व वस्ती हटविण्याची प्रक्रिया सुरू झाली. पाण्याखाली न गेलेल्या जागांवरील वस्तीही उठविण्यात आली. म्हणजे कालवा क्षेत्राचे निर्जन रूप अभियांत्रिकीच्या गरजेतून जितके घडले, तितकेच प्रशासकीय निर्णयातून घडले. इतिहासकार मारिशा लासो यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा पुसला गेलेला भूगोल साधार उभा केला आहे. गर्द रानाने वेढलेला कालवा हे दृश्य अनादि नसून अवघ्या शतकभराचे आहे, हे त्यांचे प्रतिपादन प्रस्तुत लेखकास मूलभूत महत्त्वाचे वाटते.

१९२३ चा निर्णय

जलाशय भरल्यावर त्याच्या काठावर पुन्हा लागवड सुरू झाली. पहिल्या महायुद्धानंतर कालव्याच्या कामगारवर्गात कपात झाली आणि जमिनी भाडेपट्ट्याने देण्यात येऊ लागल्या. ही टेकडीही कुऱ्हाडीखाली जाईल, ही भीती जेम्स झेटेक यांना वाटू लागली. ते अमेरिकेच्या कृषी खात्याचे पनामातील कीटकशास्त्रज्ञ होते. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ थॉमस बार्बर व मुंग्यांचे अभ्यासक विल्यम मॉर्टन व्हीलर यांचे पाठबळ त्यांना लाभले. १७ एप्रिल १९२३ रोजी कालवा क्षेत्राचे गव्हर्नर जे मॉरो यांनी हे बेट अभ्यासासाठी राखीव घोषित केले. कोणतेही विधिमंडळ, कोणतीही जनसुनावणी मध्ये आली नाही. गव्हर्नरांचा एक आदेश पुरेसा ठरला. वसाहतवादी सत्तेच्या अभावी हे अरण्य या स्वरूपात वाचले असते काय, हा प्रश्न निसर्गसंरक्षणाच्या इतिहासकाराला अडचणीत टाकणारा आहे. पण तो टाळता येत नाही.

१९२४ मध्ये प्रयोगशाळेची इमारत उभी राहिली. तिचा खर्च विद्यापीठे, संग्रहालये व धनिक देणगीदार यांच्याकडून भागविला जाई. बार्बर यांनी पदरचे पैसेही घातले. येथील संशोधन केवळ ज्ञानासाठी चालत होते असे नाही. कोणते लाकूड वाळवीपुढे टिकाव धरते, याचे दीर्घकालीन प्रयोग झेटेक यांनी बेटावर चालविले होते. उष्ण प्रदेशात गुंतवणूक करणाऱ्यांना त्या उत्तराचे मोल होते. १९४० मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या कायद्याने बेटाला वैधानिक दर्जा मिळाला आणि १९४६ मध्ये ते स्मिथसोनियन संस्थेकडे सोपविण्यात आले.

वाटांची नावे आणि चालणारे लोक

बेटावरील पायवाटांचे जाळे प्रारंभीच्या काळात आखले गेले. वाटांवर ठरावीक अंतराने क्रमांकाचे खांब आहेत. ‘व्हीलर’ वाटेवरील अमुक क्रमांकाचा खांब, असा स्थलनिर्देश शोधनिबंधांतून आजही आढळतो. व्हीलर, बार्बर, झेटेक, फेअरचाइल्ड, आर्मर ही वाटांची नावे पाहिली तर ती बहुतांशी अमेरिकन शास्त्रज्ञांची व देणगीदारांची आहेत. रान तोडून वाटा मोकळ्या करणारे, नावा वल्हविणारे, स्वयंपाक करणारे व पहारा देणारे हात स्थानिक व कॅरिबियन कामगारांचे होते. कालवा क्षेत्रात नोकरांची ‘सोने’ व ‘चांदी’ अशा दोन पटांवर विभागणी असे. पहिल्या पटावर प्रामुख्याने गोरे अमेरिकन, दुसऱ्यावर बाकीचे. वेतन, निवास, भोजनगृह, सारे वेगळे. नकाशावरील नावे बव्हंशी पहिल्या पटातून आली, एवढे म्हटले तरी पुरे.

स्त्री-शास्त्रज्ञांनी बेटावर रात्री मुक्काम करण्यास बार्बर यांचा विरोध होता. स्त्रियांनी दिवसा यावे, पाहावे आणि संध्याकाळच्या आत परत जावे. निशाचर प्राण्यांचा व कीटकांचा अभ्यास करणारीने काय करावे, याचे उत्तर या नियमात नव्हते.

प्रारंभीच्या पाहुण्यांत न्यूयॉर्कच्या संग्रहालयातील पक्षिविद फ्रँक चॅपमन यांचे स्थान वेगळे आहे. १९२०च्या दशकात त्यांनी वाटांवर दोरा ताणून त्याला कॅमेरा व मॅग्नेशियमची चमकभुकटी जोडली. वाटेने येणारे जनावर पायाने दोरा ओढी आणि स्वतःचे छायाचित्र स्वतःच काढी. प्यूमा, ऑसेलॉट, टेपिर अशी रात्रीची ये-जा १९२७ मध्ये वाचकांसमोर आली. १९२९ मध्ये त्यांचे बेटावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. घरबसल्या वाचकाने केलेली ही पहिली निसर्गफेरीच म्हणावयाची. वन्यप्राण्यांच्या गणनेसाठी आज सर्वत्र लावल्या जाणाऱ्या स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या पूर्वसूरींत या प्रयोगाची गणना करावी लागेल.

१९३१ मध्ये क्लॅरन्स रे कार्पेंटर हे तरुण मानसशास्त्रज्ञ हाऊलर माकडांचा अभ्यास करण्यासाठी आले. वानरांचे वर्तन पिंजऱ्यात पाहण्याचा तो काळ. कार्पेंटर मात्र कळपामागून रानात चालत राहिले; कोण कोणाजवळ बसतो, दोन कळप समोरासमोर आले की काय होते, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. त्यांचा १९३४ चा प्रबंध या विद्याशाखेचा पाया मानला जातो. पुढे १९३८ मध्ये याच कार्पेंटर यांनी भारतातून सुमारे चारशे लाल तोंडाची माकडे जहाजाने नेऊन पोर्टो रिकोजवळील कायो सांतियागो या चिमुकल्या बेटावर सोडली. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. बेट म्हणजे प्रयोगशाळा, ही बारो कोलोरॅडोवर रुजलेली कल्पना अशी आपल्याकडच्या माकडांपर्यंत येऊन पोहोचली!

अस्पर्शतेचा प्रश्न

राखीव अरण्यात शिरताना ‘अस्पर्श’ हा शब्द सहज ओठावर येतो. बारो कोलोरॅडोच्या बाबतीत तो अर्ध्या भागालाही जेमतेम लागू पडेल. बेटाचा सुमारे निम्मा भाग एकोणिसाव्या शतकात, विशेषतः फ्रेंचांच्या कालव्याच्या काळात, तोडला गेला होता. आजचे तेथील रान हे शेतीच्या व वस्तीच्या जागेवर पुन्हा वाढलेले आहे. उरलेल्या भागातील मातीत वनस्पतींचे सूक्ष्म सिलिका-कण सापडतात. त्यांच्या आधारे डोलोरेस पिपर्नो यांनी केलेल्या संशोधनातून या जुन्या रानात कित्येक शतकांत मोठ्या प्रमाणावर तोड झालेली नाही, असे दिसते. हा फरक प्रारंभीच्या शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हता असेही नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ लेस्ली केनॉयर यांनी १९२९ मध्येच येथील वनस्पतींच्या क्रमागत वाढीवर निबंध लिहिला होता. तरीही लोकप्रिय लेखनातून आदिम अरण्याची प्रतिमाच पुढे गेली. ती देणगीदारांना भावणारी होती, हे कारण नजरेआड करता येत नाही.

पक्ष्यांची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. १९२३ नंतर बेटावर विणीच्या नोंदी असलेल्या पक्ष्यांपैकी चाळीसहून अधिक जाती १९७० पर्यंत नाहीशा झाल्याचे एडविन विलिस यांनी दाखविले. बेटाच्या एकाकीपणामुळे जाती नष्ट होतात, या सिद्धान्ताचे उदाहरण म्हणून हा आकडा वारंवार उद्धृत होतो. परंतु त्यांतील निम्म्याहून अधिक जाती उघड्या माळाच्या, झुडपांच्या व रानाच्या कडेच्या होत्या. शेते बुजली, रान दाट झाले, म्हणून त्या गेल्या. सैनिकी मुंग्यांच्या मागे फिरणारे काही पक्षी मात्र खरोखरच बेटाच्या मर्यादेमुळे गेले. म्हणजे पक्ष्यांच्या यादीतील निम्मी गळती ही उठून गेलेल्या शेतकऱ्यांची नोंद आहे. एरवी कोणत्या दप्तरात ती सापडली असती?

जी गोष्ट पक्ष्यांची, तीच शिकारीची. जलाशयाकाठचे लोक नावेतून येत व पाका, हरिण मारून नेत. संस्थेच्या कागदपत्रांत ते ‘चोरटे शिकारी’ म्हणून येतात. ज्या टेकडीवर आपले वडील शिकारीला जात, तेथे जाणे एका आदेशाने गुन्हा ठरले, ही त्यांची बाजू असणार. ती लिहून ठेवणारा कोणी नव्हता. शिकार थांबणे अरण्याच्या हिताचे होते, हे निर्विवाद. तथापि गुन्ह्याची व्याख्या बदलली की गुन्हेगारांची संख्या बदलते, हेही तितकेच खरे.

पन्नास हेक्टर

अरण्याच्या अभ्यासाला येथे निराळीच दिशा मिळाली ती १९८० मध्ये. स्टीफन हबेल व रॉबिन फॉस्टर यांनी बेटाच्या मध्यावरील पठारावर एक किलोमीटर लांब व अर्धा किलोमीटर रुंद क्षेत्र आखले आणि त्यातील एक सेंटिमीटर वा त्याहून अधिक व्यासाच्या प्रत्येक खोडाला क्रमांक दिला. पहिली गणना १९८२ मध्ये पूर्ण झाली. सुमारे तीनशे जातींची दोन लाखांहून अधिक झाडे व रोपे नोंदली गेली. १९८५ पासून दर पाच वर्षांनी फेरगणना करण्याचा प्रघात पडला. जमीन-महसुलाच्या पाहणीची आठवण व्हावी असाच हा खटाटोप! १९८२-८३ च्या एल निनोच्या अवर्षणात कोणत्या जातीची किती झाडे मेली, हे या नोंदींमुळेच सांगता आले. जवळजवळ सर्व क्षेत्र जुन्या रानात असले, तरी कडेच्या सुमारे दोन हेक्टरांवर पूर्वी तोड झालेली होती. तेवढा तुकडा आजही वेगळा ओळखू येतो. हीच पद्धत पुढे जगभर गेली. भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये मुदुमलाईच्या अरण्यात पन्नास हेक्टरांचे असेच क्षेत्र आखले.

बेटावरील निसर्गफेरीतही याच दीर्घ नोंदींची फळे अभ्यागताच्या हाती पडतात. पूर्वनोंदणी केलेल्या मोजक्या लोकांना गाम्बोआहून नावेने नेले जाते. मार्गदर्शकाशिवाय वाटेवर पाऊल टाकता येत नाही. जहाजांच्या मार्गाच्या कडेने नाव जाते तेव्हा पाण्यातून वर आलेली, शतकापूर्वी बुडालेल्या झाडांची खोडे दिसतात. वाटेवर पानकाप्या मुंग्यांच्या रांगा, अगूती, हाऊलर माकडांचा घुमणारा आवाज आणि फळ्यांसारखी मुळे पसरलेले सीबाचे वृक्ष. सीबा म्हणजे आपली पांढरी सावर. तिचे एक मूळस्थान अमेरिका खंडात आहे. हे सर्व दाखविणे योग्यच आहे. पण ती खोडे केवळ छायाचित्राचा विषय म्हणून मागे पडू नयेत. त्यांच्याजवळ नाव थांबवून गोर्गोना व मातचिन ही नावे उच्चारली गेली, तर निसर्गाच्या ज्ञानात उणेपणा येणार नाही. उलट तरुण रान तरुण का, याचा उलगडा होईल.

सत्तांतरानंतर

७ सप्टेंबर १९७७ रोजी ओमर तोरिहोस व जिमी कार्टर यांनी कालव्याच्या करारांवर सह्या केल्या. १९७९ मध्ये ते अमलात आले, कालवा क्षेत्र संपुष्टात आले आणि बेट व सभोवतालची पाच द्वीपकल्पे मिळून ‘बारो कोलोरॅडो निसर्ग स्मारक’ अस्तित्वात आले. सार्वभौमत्व पनामाचे व देखरेख स्मिथसोनियनची, असा हा तोडगा होता. ३१ डिसेंबर १९९९ रोजी कालवाही पनामाकडे आला. सत्ता बदलूनही राखीव क्षेत्र टिकले आणि विस्तारले, ही वसाहतोत्तर इतिहासात सहसा न आढळणारी गोष्ट आहे. तिचे एक कारण व्यावहारिक आहे. जुन्या जलपाशांतून एक जहाज पार करावयास सुमारे वीस कोटी लिटर गोडे पाणी लागते, आणि ते जलाशयांतूनच येते. काठावरचे रान हे पनामाच्या तिजोरीचे रान आहे.

२०२३ च्या अवर्षणात गातुनची पातळी इतकी खाली गेली, की जहाजांच्या दैनंदिन संख्येत मोठी कपात करावी लागली. त्यानंतर पश्चिमेकडील इंदिओ नदीवर नवे धरण बांधून कालव्याला पाणी पुरविण्याच्या योजनेला गती मिळाली. २०२४ मध्ये पनामाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कालवा प्राधिकरणाचा त्या खोऱ्यातील मार्ग मोकळा झाला आणि २०२५ मध्ये योजना पुढे सरकली. तिच्यामुळे सुमारे दोन हजार लोकांना घरे सोडावी लागतील, असा अंदाज आहे. १९१२ च्या आणि या प्रसंगातला फरक इतकाच, की इंदिओच्या काठचे शेतकरी या वेळी नावांचे मोर्चे काढून आपले म्हणणे स्वतः मांडत आहेत, आणि त्यांच्या गावांची नावे अजून नकाशावर आहेत.