जांभळ्या पट्ट्यांचा मणी : ओळख आणि इतिहास

उत्खननात जांभळे-पांढरे पट्टे असलेला मणी सापडला, तर तो कशाचा, हे तुम्ही कसे ठरवाल?

जांभळ्या क्वार्ट्झला ॲमेथिस्ट म्हणतात, हिंदीत जमुनिया. आपल्या गारगोटीचाच हा रंगीत भाऊ. अत्यल्प लोह आणि खडकातील नैसर्गिक किरणोत्सर्ग यांमुळे त्याला जांभळा रंग येतो. खडकाच्या पोकळीत स्फटिक थरांनी वाढतो. द्रावणातील लोह कमी-जास्त झाले की थरांचा रंग बदलतो. म्हणून त्याचे पट्टे स्फटिकाच्या पृष्ठांना समांतर, कोनात वळलेले असतात. अकीकाचे पट्टे बहुधा वक्र, तर काचेतले वितळून वाहिल्यासारखे दिसतात.

फ्लोराइटही जांभळे व पट्टेदार असते. मात्र त्याची काठिण्यता ४, क्वार्ट्झची ७. पण पुराणवस्तूवर ओरखडा काढू नका! पाण्यात तोलून घनता काढा : क्वार्ट्झची २.६५, फ्लोराइटची सुमारे ३.१८. केवळ रंगावर विसंबू नका. भाजल्यावर ॲमेथिस्ट पिवळट होऊ शकतो; दीर्घकाळ उन्हात फिकाही पडतो.

ही ओळख इतिहासासाठी का महत्त्वाची? रोमन लेखक प्लिनी याने इ. स. ७७ च्या सुमारास आपल्या ग्रंथात भारतीय ॲमेथिस्टला पहिले स्थान दिले. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ 'नशा न चढणारा'. हे रत्न बाळगल्याने दारू चढत नाही, हा समज मात्र प्लिनीने खोटा ठरवला. त्याच्या मते, रंग मद्याच्या जवळ जाऊन थांबतो, यावरून हे नाव पडले असावे.

पण परदेशी ग्रंथातील स्तुती हा एकच पुरावा झाला. तमिळनाडूत नोय्यल नदीकाठी कोडुमणल येथील उत्खननात ॲमेथिस्टसह अनेक रत्नांचे कच्चे तुकडे, अर्धवट घडवलेले आणि तयार मणी मिळाले. नुसता तयार मणी बाहेरूनही आलेला असू शकतो; अर्धवट मणी मात्र तिथे कारागीर बसत होते, हे सांगतो. असा प्राचीन कारागीर ग्रंथांत क्वचितच दिसतो; तो दगडात दिसतो.

आता विचार करा : तोच मणी चुकून काच किंवा फ्लोराइट म्हणून नोंदवला गेला, तर व्यापार आणि कारागिरीविषयीचे तुमचे कोणते निष्कर्ष बदलतील?