वाचनालयातला ‘तुकाराम’

आपली सोसायटी नवी होती तेव्हाची गोष्ट. जवळच्या सार्वजनिक वाचनालयात महिन्यातून एकदा जुना चित्रपट फुकट दाखवत. सतरंजीवर बसायचं. एकदा ‘संत तुकाराम’ लागला. प्रभातचा, दामले-फत्तेलाल यांचा, १९३६ सालचा. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. आईने तो लहानपणी पाहिला होता. आता तिला नीटसं दिसत नव्हतं, तरी हट्टाने आली आणि अभंगांबरोबर गुणगुणत राहिली.

सगळेच चित्रपट असे नशीबवान नसतात. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज पूर्ण उरलेला नाही. वाचनालयातले खेळ बंद पडले, आईही गेली. आपल्या हॉलमध्ये महिन्याला एक जुना चित्रपट दाखवूया का? पडद्याचा खर्च माझ्याकडे लागला.