बेडकाचा श्वास माणसाच्या कामी

बेडकाला श्वासपटल नसते. तो तोंडाचा तळ खाली करून नाकपुड्यांवाटे तोंडात हवा घेतो, मग नाकपुड्या मिटून तळ वर उचलतो आणि ती हवा फुप्फुसांत ढकलतो. वर्गात आपण ‘माणूस हवा ओढतो, बेडूक ढकलतो’ एवढे सांगून पुढे जातो. पण माणसालाही बेडकासारखा श्वास घेता येतो, आणि काहींना त्यावर तासन् तास जगता आले आहे.

प्रथम मानेकडे वळू. श्वासपटल असते छाती आणि पोट यांच्या सीमेवर. त्याला हलवणाऱ्या चेता मात्र निघतात मानेतून, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मानचेतांपासून. इतक्या लांबून तारा का ओढल्या, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील, विचारावाच. गर्भात श्वासपटलाची सुरुवात मानेच्या भागात होते. पुढे ते खाली सरकते आणि आपली चेता सोबत ओढत नेते. म्हणूनच मज्जारज्जूची इजा मानेत किती उंचीवर झाली, यावर श्वास राहणार की जाणार हे ठरते. दुसऱ्या शतकात गॅलेनने प्राण्यांवर प्रयोग करून हे पाहिले होते. मज्जारज्जू मानेत अगदी वर कापला तर श्वास तत्काळ थांबतो. मानेच्या तळाशी कापला तर छाती हलत नाही, पण श्वासपटलावर श्वास चालू राहतो.

या दुसऱ्या प्रकारच्या रुग्णापुढे वेगळीच अडचण असते. तो श्वास घेतो, पण त्याला खोकता येत नाही. खोकला काढतात ते मुख्यतः पोटाचे स्नायू, आणि ते लुळे पडलेले असतात. कफ साठतो, फुप्फुसदाह होतो. शिवाय उठून बसवले की पोट पुढे लोंबते, श्वासपटल खाली उतरते आणि त्याची हालचाल तोकडी पडते. आपल्याला वाटते, बसल्यावर मोकळा श्वास येईल. या रुग्णांना तो आडवे असताना जास्त चांगला येतो. बसवताना पोटाला पट्टा बांधतात तो यासाठी.

१९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गटमन यांनी अशा जखमींसाठी विभाग सुरू केला. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आटोक्यात आणून त्यांनी माणसे जगवली. श्वासाची बरीचशी विद्या मात्र आली पोलिओच्या वॉर्डांतून.

१९२८ साली बोस्टनमध्ये ड्रिंकर आणि शॉ यांचे ‘लोखंडी फुप्फुस’ प्रथम वापरले गेले. डोके बाहेर, बाकी शरीर पेटीत. पेटीतील दाब कमी केला की छाती फुगते. जीव वाचे, पण पेटीबाहेर काही मिनिटे काढणेही कठीण होई. कॅलिफोर्नियातील रँचो लॉस अमिगोस रुग्णालयात क्लॅरन्स डेल यांच्या लक्षात आले की, काही पोलिओरुग्ण जीभ आणि घसा यांनी हवेचे घोट घेऊन ते आत ढकलत आहेत. १९५१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. १९५५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शंभर रुग्णांचा अनुभव मांडला. पद्धतीला नाव पडले ‘बेडूक-श्वसन’.

हिशेब सोपा आहे. एका घोटात साधारण ६० ते १०० मिलिलिटर हवा आत जाते, घोटाला अर्धा सेकंद पुरतो. सहा ते नऊ घोटांत एक श्वास भरतो. आपला शांतपणी घेतलेला श्वास सुमारे ५०० मिलिलिटरचा, तेव्हा हे मोजमाप कमी नाही.

मज्जारज्जूच्या जखमींना तर ही युक्ती विशेष लागू पडते. जीभ आणि घसा यांच्या चेता मेंदूच्या बुंध्यातून निघतात, मानेतील इजेच्या वरून. पोलिओत त्या कधी कधी बाधित होत. मानेच्या इजेत त्या सहसा शाबूत राहतात. १९६७ साली माँटेरो आणि सहकाऱ्यांनी अशा जखमींवरील तिचा परिणाम प्रसिद्ध केला.

तरी ती मागे पडली. १९५२ च्या कोपनहेगनमधील साथीत ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेला छिद्र पाडून नळीतून हवा भरण्याचा मार्ग धरला. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हातांनी पिशव्या दाबून रुग्ण जगवले. कृत्रिम श्वसनयंत्रांचा आजचा प्रवाह तिथून निघाला. पण गळ्याला छिद्र असले की घोटलेली हवा नळीच्या कडेने निसटते आणि बेडूक-श्वसन फारसे साधत नाही. एका उत्तम उपायाने दुसरा झाकला गेला, असे आम्हाला वाटते. ज्याचा श्वास सर्वस्वी यंत्रावर आहे, त्याला नळी निसटली किंवा वीज गेली तर मदत येईपर्यंतची मिनिटे मोजावी लागतात. आपल्याकडे वीज जाणे ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. ज्याच्या गळ्याला छिद्र नाही आणि ही विद्या आहे, तो तेवढा वेळ स्वतः काढू शकतो.

श्वासपटल चालू असलेल्यालाही तिचा उपयोग होतो. त्याने शक्य तितका श्वास घ्यायचा, त्यावर घोटांमागून घोट रचून छाती भरायची आणि घसा मिटायचा. मग शेजारी उभ्या असलेल्याने, त्याने घसा उघडताच, दोन्ही तळहातांनी पोट आत आणि वर झटकन दाबायचे. अडकलेला कफ सुटून वर येतो.