थंडीतला मांडव

माघात भाचीचं लग्न ठरलं. तिला थंडीचा साज हवा होता, कापसाचा बर्फ वगैरे. मी तिला म्हटलं, अगं, आपल्या हिवाळ्याचा साज केव्हाचा तयार आहे.

कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त उघडतात. त्या मांडवाचे खांब उसाचे. पुढ्यात बोरं, चिंचा, आवळे, म्हणजे कृष्णाकाठी त्या दिवसांत पिकतं तेच. मार्गशीर्षात लग्नं होतात, पौषात थांबतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं ते बहुधा याच सुमारास, त्यामुळे सातारकडचे खरे हिमकण वऱ्हाडाच्या वाट्याला क्वचितच आले.

हळद मात्र थंडीचीच. पानं वाळली की काढणी, मग शिजवणं, उन्हात वाळवणं, पॉलिश. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमापाशी, व्यापारी ती जमिनीखालच्या पेवांत साठवत. वर तोंड अरुंद, आत पोट मोठं. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिके, कीड लागत नसे. कितीतरी घरच्या नवऱ्यामुलींना लागलेली हळद या पेवांतून गेली, याचा मला अभिमान आहे. २००५च्या महापुराचं पाणी शिरून बरीचशी पेवं निकामी झाली. २०१८मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. साठवण मात्र आता गोदामांत आणि शीतगृहांत होते.