नुक्ता: चाकणजवळच्या इंद्रायणीतून थेट पुस्तकात गेलेला मासा

आज ऊस, कांदा बाजूला ठेवतो आणि नदीवर येतो. गळ टाकण्याबद्दल लिहा असं बरेच जण म्हणत होते. पण कुठला गळ, कुठलं आमिष हे सांगायच्या आधी आपल्या नदीत काय होतं ते सांगायला लागतं, नाहीतर त्या सल्ल्याला अर्थ नाही.

ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत विल्यम हेन्री साइक्स नावाचा अधिकारी होता. 1824 पासून मुंबई सरकारसाठी तो दख्खनची मोजदाद करत फिरला. जमीन, पिकं, पाऊस, पक्षी, सगळं त्यानं टिपलं. त्यातच मासेही आले. भीमा आणि तिला मिळणाऱ्या नद्यांमधल्या चाळीसहून जास्त जातींची वर्णनं त्यानं लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढं मांडली. ती 1839 मध्ये छापली गेली आणि 1841 मध्ये चित्रांसह सविस्तर आली.

आता गंमत बघा. बऱ्याच माशांना त्यानं लॅटिन नाव शोधत बसण्यापेक्षा इथल्या लोकांच्या तोंडचंच नाव दिलं. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला महसीर, ज्याला आपण खडस किंवा खडशी म्हणतो, तो आजही जगभर 'टॉर खुदरी' म्हणून ओळखला जातो. काटा मारणारी शिंगटी 'मिस्टस शिंगटी' झाली. दगडाला चिकटून राहणारा मळ्या 'गारा मुल्या' झाला. 'कोलस' आहे, 'मुसुल्ला' आहे. इंग्रजानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलं, त्यामुळं काही नावं आता ओळखू येत नाहीत, पण मूळ इथलंच.

आणि एक मासा त्यानं नोंदवला तो चाकणजवळच्या इंद्रायणीतला, पुण्याच्या उत्तरेला 18 मैलांवरचा. त्याचं नाव नुक्ता. नेमका कोणता डोह ते त्यानं लिहिलेलं नाही. पण चाकणजवळची इंद्रायणी म्हणजे मोई, निघोजे, चिंबळी, मोशी हाच पट्टा, दुसरीकडं कुठं जाणार? म्हणजे जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञानं नुक्त्याचा मूळ पत्ता काढला तर तो आपल्या शिवारापाशी येऊन थांबतो.

नुक्ता दिसायला विचित्र. डोळ्यांच्या पुढं, नाकाडावर शिंगासारखा उंचवटा आणि त्याच्याखाली खोल खाच. तोंड खालच्या बाजूला, कारण हा खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारा. असा मासा गळाला क्वचितच लागतो, तो जाळ्याचा मासा. त्याला लागतं वाहतं, स्वच्छ पाणी आणि उघडा खडक. गाळ बसला की त्याचं ताट संपलं. कृष्णेच्या खोऱ्याबाहेर हा मासा कुठंच नाही, आणि आज तो धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. आमच्या पट्ट्यात मी जन्मभर नदीवर आहे, नुक्ता एकदाही पाहिलेला नाही. आमच्या आज्याच्या बोलण्यात 'शिंगाडा मासा' यायचा, तो हाच होता की दुसरा, हे विचारायला आता कोणी उरलेलं नाही.

एक गोष्ट मला खटकते. साइक्सनं काही जातींना माणसांचीही नावं दिली: ऑगिल्बी, व्हिगर्स, यारेल. हे सगळे तिकडचे विद्वान. नदीत उतरून मासा काढणाऱ्या, तो कुठल्या पाण्यात असतो हे माहीत असणाऱ्या भोयाचं किंवा कोळ्याचं नाव एकाही माशाला नाही. नाव माशाचं घेतलं, सांगणाऱ्याचं राहिलं.

पुढं शंभर-सव्वाशे वर्षांनी आपल्याच एका माणसानं ही रीत चालवली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी हे महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्यातले मोठे जाणकार. 1952 मध्ये त्यांनी एका नव्या माशाला शास्त्रीय नाव दिलं 'खवलचोर', कारण तो दुसऱ्या माशांची खवलं खातो! याच कुलकर्णींनी नंतर लोणावळ्यात वळवणच्या टाटांच्या केंद्रावर खडशीची पैदास करून दाखवली, 1970 च्या दशकात. वळवण धरण म्हणजे इंद्रायणीच्याच उगमाकडचं. खडशीची अंडी ओल्या कापसात ठेवून लांब पाठवता येतात, हेही त्यांनी आणि त्यांचे सहकारी एस. एन. ओगले यांनी सिद्ध केलं. पाण्याचे पिंप नकोत, डबा आणि कापूस पुरे.

या यशाची दुसरी बाजू कर्नाटकात दिसली. लोणावळ्याची खडशी कावेरीत सोडली गेली. तिथं ती इतकी माजली की कावेरीचा मूळचा कुबडवाला महसीर मागं पडला. 2018 मध्ये त्या कुबडवाल्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. आपल्या नदीत जी दुर्मिळ, तीच दुसऱ्या नदीत उपरी. मासा चांगला की वाईट हे तो कुठल्या पाण्यात आहे यावर ठरतं, आणि शेततळ्यात बीज सोडणाऱ्या आपल्यासारख्यांना हे कळलंच पाहिजे. शेततळं पावसात भरून वाहिलं की ओढा, ओढ्यातून नदी. 1952 मध्ये भारतात आणलेली चिलापी आज उजनीपर्यंत पसरली ती अशीच. आफ्रिकन मागूर, ज्याला बाजारात थाई मागूर म्हणतात, त्यावर 2000 पासून बंदी आहे. तरी कोणी 'लवकर वाढतो' म्हणून बीज देऊ केलं तर घेऊ नका. शेततळ्यात मासा करायचाच असेल तर कटला, रोहू, मृगळ करा, आणि सांडव्याला बारीक जाळी बसवा.

आता इंद्रायणीचं सांगतो. पुण्याच्या अभ्यासकांनी उगमापासून खालपर्यंत या नदीतले मासे तपासले. तो अभ्यास 2012 मध्ये छापून आला. त्यात पन्नासहून जास्त जाती सापडल्या. आकडा ऐकून बरं वाटतं, पण वरच्या मावळातली नदी आणि आपल्याकडची नदी एक नाही. वर दगड, धार, थंड पाणी. खाली कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, गावांचं आणि शहराचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, आणि (हेही लिहितो, राग मानू नका) आपल्या उसातून वाहून जाणारं युरियाचं पाणी. जलपर्णी त्याच्यावरच पोसते. आळंदीचा फेस तर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलाय. तरी हीच नदी आंद्रा धरणाचं पाणी वाहून आणते आणि निघोजेच्या बंधाऱ्यातून ते उचलून चिखलीला शुद्ध करून शहराला पाजलं जातं. म्हणजे माशाचा प्रश्न फक्त माशाचा नाही.

गळवाल्याला हे सगळं यंत्राशिवाय कळतं. गळाला काय लागतं त्यावरून पाणी ओळखा. मळ्या, मुऱ्या दगडाखाली सापडतात, खडशी पिठाच्या गोळीला येते, ते पाणी जिवंत. वाम आणि शिंगटी लागतात, तरी ठीक. नुसती चिलापी, मागूर आणि मरळ लागत असतील तर समजा पाण्यात प्राणवायू उरलेला नाही. मरळ आणि मागूर वर येऊन हवा घेतात, म्हणून ते तगतात. आणि पहाटे सगळेच मासे तोंड वर करून घुटके घेत असतील तर त्या दिवशी गळ टाकू नका. ते सहज सापडतात खरे, पण ते गुदमरलेले मासे असतात. पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी असतो. अशा पट्ट्यातला मासा घरी खायलाही नेऊ नका. मी स्वतः बंधाऱ्याच्या खालचा मासा खायचा सोडलाय. गळ टाकतो, बघतो, सोडतो.

जुन्या लोकांकडून आलेलं थोडं लिहून ठेवतो, कारण ते पुस्तकात नाही. खडशीसाठी काठावरचं उंबर बघायचं. पिकलेलं उंबर पाण्यात पडतं तिथं ती फिरते, म्हणून गळाला उंबरच लावायचं, किंवा शिजवलेला हरभरा. काठाची उंबरं तोडली तशी ती जागाही गेली. शिवड्याला संध्याकाळनंतर जिवंत लहान मासा, तंगूस जाड पाहिजे, तोंड मोठं आणि दात बारीक पण ओळीनं. वामेला गांडूळ, तेही तळाशी, दगडाच्या फटीजवळ, आणि लागली की लगेच ओढायची, नाहीतर फटीत शेपूट अडकवून बसते. शिंगटी हातात धरताना पाठीचा आणि दोन्ही बाजूंचा काटा सांभाळा. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरा, ठणका कमी होतो.

मरळीचं वेगळं. पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका उकळल्यासारखा दिसला तर खाली आई-बाप राखणीला असतात. त्या वेळी बेडकीचा गळ टाकला की ती हमखास अंगावर येते. टाकू नका. एक मरळ मिळते आणि शेकडो पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात.

तसंच मृगाचं. पहिल्या मोठ्या पावसात मासा चढणीला लागतो, ओढ्यातून थेट वाफ्यात येतो, पोट अंड्यांनी टच्च. लहानपणी आम्ही टोपल्या घेऊन पळायचो, सगळं गाव पळायचं. तेव्हा नदी खालून-वरून मोकळी होती, मासा भरून निघत होता. आता निघत नाही. मृग-आर्द्रा एवढी दोन नक्षत्रं ओढ्याच्या तोंडाला जाळं लावू नये, आणि बंधाऱ्याचे ढापे पहिल्या पुराच्या आधी निघतील एवढं पाणी वापर संस्थेनं बघावं. ढापे अडकले की अंड्यावरचा मासा भिंतीखालीच घिरट्या घालतो आणि तिथंच जाळ्यात जातो.

सुरुंग आणि विषाचं तर बोलायलाच नको. 1897 च्या मासेमारी कायद्यापासून दोन्हीला बंदी आहे. पूर्वी गेळाचं फळ, रामेठा ठेचून टाकायचे. आता काही जण फवारणीचं औषध ओततात. त्याच पाण्यावर खाली कुणाची तरी मोटार चालू असते.

देहूच्या डोहात मासा धरत नाहीत, भाविक त्याला खाऊ घालतात. उन्हाळ्यात नदी तुटली की मासा डोहातच तगायचा आणि पावसात तिथूनच पसरायचा. श्रद्धेनं राखलेला डोह म्हणजे नदीची बियाणं कोठीच होती, असं माझं मत आहे. आपल्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला एक खोल जागा अजून आहे. तिथं वर्षभर गळ-जाळं बंद ठेवायचं ठरवलं तर कुणाची परवानगी लागत नाही, गावानं ठरवलं की झालं. ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे.

तोवर एक काम तुम्हाला. मोई, चिंबळी, केळगाव, मरकळ, तुळापूरपर्यंत ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांनी माशांची जुनी नावं विचारून मला पाठवा. मासा कसा दिसायचा, कुठल्या डोहात असायचा, शेवटचा कधी पाहिला, एवढंच. नाकाडावर शिंग असलेल्या माशाबद्दल मुद्दाम विचारा.